फुल फ्रेम घेऊ का? कर्ज काढण्याआधी सेन्सर आणि फोकसचं गणित समजून घ्या



मागच्या आठवड्यात सावद्याहून एक ताई दुकानात आल्या. केळीचे वेफर्स बनवतात, घरगुती युनिट आहे, आता ऑनलाइन विकायचंय. म्हणाल्या, "दादा, बँकेतून कर्ज मंजूर होतंय. फुल फ्रेम कॅमेरा घेऊ का? सगळे म्हणतात फोटो भारी येतात, मागचं सगळं ब्लर होतं."

मी विचारलं, "तुम्हाला मागचं ब्लर कशाला हवंय?"

त्या गप्प बसल्या. मग हसून म्हणाल्या, "तेच तर माहीत नाही."

हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाच वेळा येतो. कुणाला स्टुडिओ टाकायचाय, कुणाला लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्यात, कुणाला स्वतःच्या मालाचे फोटो काढायचेत. व्हिडिओत सगळं सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून इथे नीट आकड्यांसकट लिहितोय. वाचायला दहा मिनिटं लागतील, पण चुकीच्या कॅमेऱ्याचे हप्ते तीन वर्षं भरण्यापेक्षा ही दहा मिनिटं परवडतात. हे मी अनुभवाने सांगतोय.

माझी चूक आधी सांगतो

बीबीए झाल्यावर मी फैजपुरात दुकान टाकलं. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, फोटो फ्रेम आणि सीझनला लग्नाच्या ऑर्डरी. कॅमेरा होता साधा, एपीएस-सी सेन्सरचा. तीन वर्षांनी डोक्यात आलं की मोठं काम मिळवायचं तर फुल फ्रेमच पाहिजे. १ लाख ८० हजारांचं कर्ज काढलं, ३६ हप्ते.

पहिलीच चांगली ऑर्डर मिळाली ती एका सराफाची. जळगाव जिल्हा म्हणजे सोन्याचा बाजार, असं एक काम नीट झालं की मागे दहा येतात. मी जोशात. ५० मिमीची लेन्स लावली, एफ/१.८ वर ठेवली आणि हार टेबलावर मांडून तिरप्या कोनातून फोटो काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर एकदम झकास दिसत होते. पेंडंट चकचकीत, मागचं सगळं लोण्यासारखं मऊ.

सराफांनी मोठ्या स्क्रीनवर पाहिलं आणि एकच वाक्य बोलले: "भाऊ, मागचे मणी कुठे गेले? गिऱ्हाईक पैसे पूर्ण हाराचे देणार आहे."

सगळे फोटो परत काढावे लागले, त्या दिवसाचा धंदा गेला, आणि पुढची ऑर्डर काही आली नाही. चूक कॅमेऱ्याची नव्हती. मी जे विकत घेतलं होतं, त्याचा उपयोग कुठे होतो आणि कुठे नडतो, हे मला माहीत नव्हतं. हप्ते मात्र पुढे अडीच वर्षं भरले.

फोकसची खोली म्हणजे काय

कॅमेरा फोकस करतो एकाच अंतरावर. समजा दोन मीटरवर फोकस केला, तर काटेकोर शार्प फक्त दोन मीटरवरचीच वस्तू. पण त्याच्या थोडं अलीकडचं आणि थोडं पलीकडचंही आपल्या डोळ्याला शार्पच वाटतं. हा जो अलीकडून पलीकडपर्यंतचा पट्टा आहे, त्याला म्हणतात डेप्थ ऑफ फील्ड. आपण त्याला फोकसची खोली म्हणू.

पट्टा अरुंद असला की चेहरा शार्प आणि मागची झाडं धूसर. पट्टा रुंद असला की चेहराही शार्प, झाडंही शार्प, आणि मागे कपडे वाळत घातलेली दोरीसुद्धा शार्प.

हा पट्टा कशाने ठरतो? लेन्सच्या आतल्या भोकाने. लेन्समधून प्रकाश येतो त्या वाटेला अ‍ॅपर्चर म्हणतात. भोक मोठं असेल तर फोकसबाहेरचा प्रत्येक ठिपका सेन्सरवर पसरून चकतीसारखा पडतो. अशा हजारो चकत्या एकमेकांवर आल्या की झालं ब्लर. भोक लहान असेल तर चकती लहान, म्हणजे डोळ्याला ती ठिपकाच वाटते.

हे तुम्ही रोज करता. चष्मा घरी राहिला आणि एसटीचा लांबून बोर्ड वाचायचा असेल तर काय करता? डोळे बारीक करता. बोर्ड थोडा स्पष्ट दिसतो. डोळे बारीक केले म्हणजे भोक लहान केलं. कॅमेऱ्यातही नेमकं हेच होतं.

मग सेन्सरचा संबंध कुठे आला?

इथे बहुतेक जण गडबडतात. सेन्सर म्हणजे चित्र ज्यावर पडतं ती पाटी. नेहमीचे आकार असे:

फुल फ्रेम: ३६ × २४ मिमी
एपीएस-सी: साधारण २३.५ × १५.६ मिमी (कॅननचा थोडा लहान)
मायक्रो फोर थर्ड्स: १७.३ × १३ मिमी
"वन इंच" सेन्सर: १३.२ × ८.८ मिमी
साध्या मोबाइलचा मुख्य कॅमेरा: साधारण ५.६ × ४.२ मिमी

पाटी लहान झाली तर तेवढंच दृश्य तिच्यावर बसवायला लेन्सही छोट्या फोकल लेंथची लागते. फुल फ्रेमवर ५० मिमीने जेवढं दिसतं, तेवढंच एपीएस-सीवर दिसायला ३३ मिमी लागते, मायक्रो फोर थर्ड्सवर २५ मिमी.

आता एफ-नंबर म्हणजे काय ते बघा. तो भोकाचा थेट आकार नसतो. फोकल लेंथला भोकाच्या व्यासाने भागलं की एफ-नंबर येतो. म्हणजे ५० मिमी लेन्स एफ/२.८ वर असेल तर भोक ५० ÷ २.८, साधारण १८ मिमी. आणि २५ मिमीची लेन्स त्याच एफ/२.८ वर असेल तर भोक ९ मिमी. नंबर तोच, भोक निम्मं!

हीच सगळी गंमत आहे. लहान सेन्सर स्वतः काही जादू करत नाही. त्याला छोटी लेन्स लागते, छोट्या लेन्सचं भोक छोटं, आणि छोट्या भोकामुळे फोकसची खोली वाढते.

आकड्यांत बघू. माणूस दोन मीटरवर उभा आहे, सगळ्या कॅमेऱ्यांत चौकट सारखी ठेवलीय, आणि सगळीकडे एफ/२.८ आहे:

फुल फ्रेम, ५० मिमी: भोक १८ मिमी, फोकसची खोली साधारण २७ सेंमी
एपीएस-सी, ३३ मिमी: भोक १२ मिमी, खोली साधारण ४१ सेंमी
मायक्रो फोर थर्ड्स, २५ मिमी: भोक ९ मिमी, खोली साधारण ५५ सेंमी
मोबाइलएवढा सेन्सर (फुल फ्रेमच्या सहावा हिस्सा रुंद), ८.३ मिमी: भोक ३ मिमी, खोली साधारण १.९ मीटर

जागा तीच, चौकट तीच, एफ-नंबरही तोच, पण २७ सेंमीचे झाले जवळजवळ दोन मीटर. मोबाइलमध्ये सगळंच शार्प का येतं, याचं उत्तर इथेच आहे. त्याचं भोक बाजरीच्या दाण्याएवढं असतं.

सोपा गुणाकार

प्रत्येक वेळी भोक मोजत बसायची गरज नाही. प्रत्येक सेन्सरचा एक क्रॉप फॅक्टर असतो, म्हणजे तो फुल फ्रेमपेक्षा कितीपट लहान आहे ते. एपीएस-सीचा १.५ (कॅननचा १.६), मायक्रो फोर थर्ड्सचा २, वन इंचचा २.७.

फोकल लेंथला या आकड्याने गुणा आणि एफ-नंबरलाही गुणा. फुल फ्रेमवर तसंच चित्र कशाने येईल ते कळतं.

उदाहरण: एपीएस-सीवर तुमची ५० मिमी एफ/१.८ लेन्स. ५० × १.५ = ७५. १.८ × १.५ = २.७. म्हणजे ही स्वस्तातली "फिफ्टी" फुल फ्रेमवरच्या ७५ मिमी एफ/२.७ सारखं चित्र देते. दोन मीटरवरून फोटो काढला तर साधारण ११-१२ सेंमी खोली मिळते. चेहरा शार्प, मागचं सगळं मऊ. पोर्ट्रेटला अजून काय पाहिजे?

दुकानात लेन्स दाखवताना काही जण फोकल लेंथला गुणतात आणि एफ-नंबर तसाच ठेवतात. ही अर्धीच गोष्ट आहे. प्रकाशाच्या मीटरसाठी एफ/१.८ हा एफ/१.८ च राहतो, शटर स्पीड बदलत नाही. पण ब्लरची तुलना करायची असेल तर दोन्ही गुणावे लागतात.

इथे एक उलटी गोष्टही आहे

कुणी तुम्हाला छातीठोक सांगेल की "लहान सेन्सर म्हणजे नेहमी जास्त खोली." त्याला विचारा: लेन्स तीच ठेवली तर?

समजा माझी तीच ५० मिमी लेन्स फुल फ्रेमवरून काढून एपीएस-सीवर लावली. जागेवरून हललो नाही, एफ/२.८ ही तसंच. आता खोली वाढायला हवी ना? उलट कमी होते! २७ सेंमीवरून १८ वर येते.

का? भोक तर तेवढंच राहिलं. पण लहान सेन्सरने चित्राचा मधला तुकडाच घेतला आणि तो तुकडा तेवढ्याच स्क्रीनवर मोठा करून दाखवला. चित्र मोठं केलं की त्यातला ब्लरही मोठा होतो. लहानपणीचा पासपोर्ट फोटो एनलार्ज करून फ्रेम केला की कसा धूसर दिसतो, तसंच.

पण आता चौकट बदलली. आधी माणूस कमरेपासून दिसत होता, आता छातीपासून दिसतोय. पहिल्यासारखं दिसायला तुम्ही दोन मीटरवरून तीन मीटरवर मागे जाता, आणि मागे गेल्याबरोबर खोली वाढून ४० सेंमी होते. म्हणजे शेवटी फिरून पहिल्याच हिशेबावर आलो.

म्हणून तुलना करताना आधी विचारा, काय काय सारखं ठेवलंय? नाहीतर दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टींवर तासभर भांडतात आणि दोघंही बरोबर असतात.

हे काही आजचं नाही

सेन्सर नवीन असला तरी हा नियम जुना आहे. आपल्या शेजारचंच उदाहरण देतो. मेजर रॉबर्ट गिल हे नाव अजिंठ्याला गेलात तर ऐकलं असेल. १८४४ मध्ये त्यांना लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती काढायच्या कामावर नेमलं. पुढे ते फोटोग्राफीकडे वळले आणि १८६४ मध्ये त्यांच्या स्टिरिओ फोटोंचं पुस्तक लंडनला प्रसिद्ध झालं. त्यांची कबर भुसावळला आहे, आपल्यापासून फार लांब नाही.

स्टिरिओ फोटो म्हणजे शेजारी शेजारी दोन छोटी चित्रं, प्रत्येकी साधारण तीन इंचांची. यंत्रातून बघितलं की खोली जाणवते. अशा फोटोत जवळचा खांबही शार्प लागतो आणि मागची भिंतही, नाहीतर मजा जाते. चित्राची चौकट छोटी असल्याने लेन्स छोटी पुरते आणि फोकसची खोली सोपी होते. तेच दृश्य दहा-बारा इंची काचेच्या प्लेटवर घ्यायचं तर भोक फार बारीक करावं लागतं, आणि लेण्यातल्या अंधारात एक्सपोजर आणखी लांबतं.

१९३२ साली अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे फोटोग्राफरांनी एक गट काढला, त्याचं नावच होतं "ग्रुप एफ/६४". एफ/६४! आपल्या लेन्सवर हा आकडा सापडतही नाही. पण ते आठ बाय दहा इंची फिल्म वापरायचे. गुणाकार उलटा करून बघितला तर तो एफ/६४ फुल फ्रेमवरच्या साधारण एफ/८.५ इतकाच होतो. म्हणजे ते लोक काही अजब करत नव्हते. पाटी मोठी होती, म्हणून नंबरही मोठा.

लग्नाच्या जुन्या कॅसेट आठवा. नवरा-नवरी शार्प, मागची खुर्ची शार्प आणि कोपऱ्यात जिलेबी खाणारे काकासुद्धा शार्प. त्या काळात अनेक शूटिंगवाल्यांकडे १/३ इंची सेन्सरचे व्हिडिओ कॅमेरे असायचे. मग २००८ मध्ये कॅनन फाइव्ह डी मार्क टू आला, फुल फ्रेमवर व्हिडिओ काढणारा. त्यानंतर लग्नाचे व्हिडिओ "सिनेमॅटिक" झाले आणि काका कायमचे ब्लर झाले.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा: खोली हवी असेल तर मोठ्या सेन्सरचा फायदा जातो

हा भाग नीट वाचा, कारण पैसे इथेच वाचतात.

लोक म्हणतात, फुल फ्रेम कमी उजेडात चांगला. बरोबर आहे, पण कधी? भोक मोठं ठेवता येत असेल तेव्हा. तुम्हाला जर सगळी वस्तू शार्प हवी असेल तर भोक लहान करावंच लागतं. मग बघा काय होतं:

मायक्रो फोर थर्ड्स: एफ/८, शटर १/६०, आयएसओ २००
एपीएस-सी: साधारण एफ/११, शटर १/६०, आयएसओ ४००
फुल फ्रेम: एफ/१६, शटर १/६०, आयएसओ ८००

तिन्हींत चौकट सारखी असेल तर फोकसची खोली सारखी, उजेडही सारखा. फुल फ्रेमला आयएसओ चारपट वाढवावा लागला, त्यामुळे त्याचा कमी नॉइजचा फायदा जवळजवळ संपला. कारण भोक तिन्हींत तेवढंच आहे, आत येणारा एकूण प्रकाशही तेवढाच.

फुल फ्रेम वाईट आहे असं मी म्हणत नाही. ट्रायपॉड आणि भरपूर लाइट असेल तर आयएसओ वाढवायची गरजच नाही, आणि मग मोठ्या सेन्सरची क्वालिटी पूर्ण मिळते. पण त्यासाठी आधी लाइट पाहिजे. लाइट न घेता फुल फ्रेम घेणं म्हणजे विहीर नसताना मोठी मोटर घेणं.

आणखी एक सूचना. भोक फारच बारीक केलं तर प्रकाश कडेला वळतो आणि सगळंच चित्र थोडं मऊ पडतं. ढोबळ नियम: फुल फ्रेमवर एफ/१६, एपीएस-सीवर एफ/११, मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/८ च्या पुढे गरज असेल तरच जा.

तुमच्या धंद्याला काय लागतं?

पॅकेटचे फोटो (वेफर्स, मसाले, पापड): चौकट साधारण ३६ सेंमी रुंद धरू. फुल फ्रेमवर एफ/२.८ ला खोली मिळते जेमतेम १.८ सेंमी. एपीएस-सीवर २.८ सेंमी, मायक्रो फोर थर्ड्सवर ३.८. आणि साध्या मोबाइलवर एफ/१.८ ला? सुमारे ७ सेंमी! तेवढ्यासाठी फुल फ्रेमला एफ/११ वर जावं लागेल. पॅकेट सरळ उभं, समोर वाटीत वेफर्स, असा फोटो मोबाइलवर आरामात येतो. दोन-तीन पॅकेटं मागे-पुढे मांडायची असतील तर मोबाइल दुप्पट लांब न्या आणि नंतर क्रॉप करा. खोली साधारण दुप्पट होते. पिक्सेल कमी होतात, पण ऑनलाइन लिस्टिंगला बहुतेक वेळा पुरतात.

दागिने: सगळ्यात अवघड काम. अंगठीचा फोटो, चौकट ७ सेंमी रुंद, फुल फ्रेम एफ/२.८: खोली एक मिलिमीटर! एफ/१६ ला नेलं तरी साडेपाच मिमी. अंगठी त्यापेक्षा जाड असते. इथे एकतर फोकस थोडा थोडा सरकवत दहा-पंधरा फोटो घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा, त्याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. नाहीतर वस्तूचा सपाट भाग सेन्सरला समांतर ठेवा. माझा तो हार आठवा. तीस सेंमीच्या चौकटीत एफ/१.८ ला खोली होती फक्त ८ मिमी, आणि मी हार तिरपा मांडला होता. तोच हार सरळ वरून, एफ/८ ला काढला असता तर साडेतीन सेंमीच्या वर खोली मिळाली असती. एकही मणी सुटला नसता. कॅमेरा बदलायची गरजच नव्हती!

शेतमाल (केळीचा घड, भरिताची वांगी): जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला जीआय मानांकन आहे, त्यामुळे आपल्याकडचे बरेच तरुण थेट विक्रीत उतरतायत. व्यापाऱ्याला पाठवायच्या फोटोत घडाच्या पुढच्या फणीपासून मागच्या फणीपर्यंत सगळं दिसलं पाहिजे. मागचा भाग ब्लर असला की समोरच्याला वाटतं, काहीतरी लपवतोय. इथे मोबाइल, सकाळचं ऊन आणि सावलीची जागा, बस. जाहिरातीच्या पोस्टरसाठी मात्र एखादा ब्लरवाला फोटो चालतो.

लग्न आणि प्री-वेडिंग: इथे मोठ्या सेन्सरचा खरा उपयोग. ब्लर हाच इथे माल आहे, गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं. संध्याकाळी रिसेप्शनला उजेड कमी, माणसं हलती, भोक उघडं ठेवावंच लागतं. पण स्टेजवरचा ग्रुप फोटो आला की सावध. पाच मीटरवरून फुल फ्रेम, ५० मिमी, एफ/१.८ ला खोली १.१ मीटर. तीन रांगा उभ्या असतील तर मागची रांग गेली. आणि मागच्या रांगेत नेमका नवरीचा मामा असतो! एफ/५.६ ला न्या, खोली ३.८ मीटरच्या आसपास मिळते.

मोबाइलचा पोर्ट्रेट मोड

२०१६ मध्ये आयफोन सेव्हन प्लसमध्ये हा मोड आला आणि नंतर सगळ्यांनीच दिला. यातला ब्लर भोकातून येत नाही, सॉफ्टवेअर कडा ओळखून मागचं धूसर करतं. चेहऱ्याला बरं जमतं. पण काचेची बरणी, पारदर्शक पॅकेट, साखळीची कडी, केसांच्या बटा इथे ते चुकतं. मालाच्या फोटोत पॅकेटचा कोपराच विरघळलेला दिसतो. माल विकताना हा मोड बंद ठेवा.

आणि "वन इंच सेन्सर" ऐकून फसू नका. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, पण हा सेन्सर १३.२ × ८.८ मिमीच असतो. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून आलंय. मोबाइलसाठी तो मोठाच आहे, पण एक इंच नाही.

मग घ्यायचं काय? माझा क्रम

१. आधी ठरवा, तुम्ही ब्लर विकता की माल विकता.
२. माल विकत असाल तर पहिला खर्च लाइट आणि ट्रायपॉडवर. दोन एलईडी लाइट, पुढे बटर पेपर, बाजूला थर्माकोलची शीट, खाली-मागे पांढरा चार्ट पेपर.
३. मोबाइलवर महिनाभर फोटो काढा. कुठे अडतं ते वहीत लिहा.
४. अडलंच तर सेकंडहँड एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्स बॉडी आणि एक चांगली लेन्स. मुद्राच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. माल विकणाऱ्याचा बहुतेक सेटअप तेवढ्यात बसवता येतो.
५. फुल फ्रेम तेव्हाच, जेव्हा लग्न-पोर्ट्रेटच्या ऑर्डरी हातात आहेत आणि हप्ता त्या ऑर्डरीतून निघतो. ऑर्डर येईल या आशेवर नाही.

आणि ब्लर फुकटात हवा असेल तर माणसाला भिंतीपासून दूर उभं करा. भिंतीला टेकवून फोटो काढला तर कितीही महागडा कॅमेरा भिंत ब्लर करणार नाही. तीन-चार मीटर पुढे घ्या, स्वस्त लेन्सही कमाल करते.

घरी करून बघा

टेबलावर ३० सेंमीची फूटपट्टी ठेवा. एका टोकाकडून तिरप्या कोनात कॅमेरा धरा आणि १५ च्या आकड्यावर फोकस करा. एफ/२.८, एफ/८, एफ/१६ असे तीन फोटो काढा. मग तीच चौकट मोबाइलमध्ये धरून चौथा. मोठ्या स्क्रीनवर बघा, कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत स्पष्ट वाचता येतंय. तीच तुमची फोकसची खोली, सेंटीमीटरमध्ये, फुकटात मोजलेली. एकदा हे केलं की कुठल्याही सेल्समनचं बोलणं तुम्हाला गोंधळात टाकणार नाही.

त्या सावद्याच्या ताईंबरोबर मी हेच दुकानात केलं. त्यांच्याच मोबाइलवर, माझ्या लाइटखाली, त्यांच्याच पॅकेटचे फोटो काढले. मग माझ्या फुल फ्रेमवर एफ/२.८ ला काढले आणि दोन्ही शेजारी लावले. फुल फ्रेममध्ये पॅकेटवरचं नाव शार्प होतं, पण समोरच्या वाटीतले वेफर्स धूसर. त्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "माझे वेफर्स तर मोबाइलमध्येच कुरकुरीत दिसतायत."

कर्ज त्यांनी काढलं. पण ते पॅकिंगच्या सीलिंग मशीनसाठी.

तुमचा धंदा कोणता आणि फोटोत नेमकं कुठे अडतंय, ते व्हिडिओखाली लिहा. पुढच्या भागात दोन एलईडी लाइट आणि थर्माकोलवर घरचा सेटअप कसा उभा करायचा, ते करून दाखवतो.